‘क्रेडिट’ म्हणजे जमा की कर्ज?



या वेळचा पाठ एकाच शब्दाचा आहे. शब्द इंग्रजी आहे, पण तो तुमच्या मोबाइलवर येतो, पासबुकात असतो, बँकेतल्या साहेबांच्या तोंडी असतो आणि आपल्या गटाच्या ठरावातही असतो. तो शब्द म्हणजे ‘क्रेडिट’.

हा पाठ का लिहावासा वाटला ते आधी सांगते. लाडकी बहीण योजनेचे पैसे यायला लागले तेव्हाची गोष्ट. एका गटाच्या बैठकीला गेले होते. हजेरी झाली, बचत गोळा झाली, हप्ते आले, बैठक संपली. एक मावशी मात्र बसूनच राहिल्या. सगळ्या गेल्यावर त्यांनी पिशवीतून मोबाइल काढला आणि हळूच म्हणाल्या, “हे वाच गं जरा. मी काही कर्ज काढलेलं नाही.”

मेसेज बँकेचा होता, इंग्रजीत. खात्यात १५०० रुपये ‘क्रेडिटेड’. नातवाने वाचून दाखवला होता, पण अर्थ सांगितला नव्हता. मावशींना क्रेडिट हा शब्द आजवर एकाच ठिकाणी भेटला होता, तो म्हणजे गटाचं कॅश क्रेडिट. आपण त्याला ‘सीसी’ म्हणतो. सीसी म्हणजे कर्ज हे त्यांना पक्कं ठाऊक. त्यामुळे आपल्या नावावर कुणीतरी दीड हजाराचं कर्ज टाकलं, असं त्यांनी धरलं. दोन दिवस घरात कुणाला बोलल्या नव्हत्या.

खोटं कशाला सांगू, मला हसू आलं. मी म्हटलं, “मावशी, क्रेडिट म्हणजे जमा. पैसे आलेत तुमचे.” त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. पण उठता उठता त्यांनी विचारलं, “मग सीसी फेडावी का लागते? तीही जमाच की मग.”

मला उत्तर देता आलं नाही. एमएसडब्ल्यू झालंय माझं, आर्थिक साक्षरतेची प्रशिक्षणं मी घेते, फळ्यावर ‘क्रेडिट = जमा, डेबिट = नावे’ असं कितीदा लिहिलंय. पण एकच शब्द कर्जालाही आणि जमेलाही कसा, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. घरी येऊन शब्दकोश काढला, बँकेत काम करणाऱ्या ओळखीच्या एकांना विचारलं, वाचत बसले. जे कळलं ते तुमच्यासमोर ठेवते.

शब्द मुळात इंग्रजांचा नाही. तो आला लॅटिनमधून. लॅटिन ही जुन्या रोमन लोकांची भाषा. आपल्याकडे संस्कृतचं जे स्थान, साधारण तेच युरोपात तिचं. लॅटिनमध्ये ‘क्रेदेरे’ म्हणजे विश्वास ठेवणे, भरवशावर सोपवणे. ‘क्रेदो’ म्हणजे माझा विश्वास आहे. ख्रिस्ती लोकांची श्रद्धेची जी कबुली आहे, ती लॅटिनमध्ये याच ‘क्रेदो’ शब्दाने सुरू होते. आणि ‘क्रेदितुम’ म्हणजे विश्वासाने दुसऱ्याच्या हाती सोपवलेली वस्तू, उसनं दिलेलं. पुढे इटलीतले व्यापारी हा शब्द वापरू लागले, तिथून फ्रेंचांकडे गेला आणि सोळाव्या शतकात इंग्रजीत आला.

म्हणजे क्रेडिटचा पहिला अर्थ जमाही नाही आणि कर्जही नाही. पहिला अर्थ आहे विश्वास.

आता यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट सांगते. कलकत्त्यात विल्यम जोन्स नावाचे एक इंग्रज न्यायाधीश होते. संस्कृत शिकताना त्यांच्या लक्षात आलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकमेकींशी इतक्या जुळतात की त्या एकाच जुन्या भाषेतून निघाल्या असाव्यात. १७८६ साली त्यांनी हे एका भाषणात मांडलं. पुढे अनेक अभ्यासकांनी त्यावर काम केलं आणि शब्दांची नाती लावली. त्यात एक जोडी अशी निघाली: लॅटिनचं ‘क्रेदो’ आणि आपली ‘श्रद्धा’.

होय, श्रद्धा. क्रेडिट आणि श्रद्धा या चुलत बहिणी आहेत. एक रोमला दिली, एक इकडे राहिली.

आवाज वेगळे वाटतात ना? तिकडच्या ‘क’च्या जागी इकडे ‘श’ येतो, असं पुष्कळ शब्दांत झालंय. लॅटिनमध्ये शंभराला ‘केंटुम’ म्हणत, संस्कृतात ‘शतम्’. त्या केंटुमपासूनच ‘पर्सेंट’ झाला, म्हणजे दर शंभराला. आपण बैठकीत म्हणतोच की, “शेकडा दोन रुपये व्याज.” शेकडा म्हणजेच पर्सेंट. तेव्हा पर्सेंट हा शब्द ऐकून कुणी बिचकायचं कारण नाही, आपण तो रोजच बोलतो. (जाता जाता, शेकडा दोन हे महिन्याचं असतं. वर्षाचं ते चोवीस होतं. कुणी बाहेरून कर्ज देताना नुसतं “दोन टक्के” म्हणालं, तर महिन्याचं की वर्षाचं हे विचारायचंच.)

श्रद्धा या शब्दाचे दोन तुकडे आहेत, ‘श्रत्’ आणि ‘धा’. धा म्हणजे ठेवणे. मराठीतही पाहा, विश्वास आपण ‘करत’ नाही, ‘ठेवतो’. पैसेही बँकेत ‘ठेवतो’, आणि त्या पैशाला ‘ठेव’ म्हणतो. पितृपंधरवड्यातलं श्राद्ध हाही याच श्रद्धेपासून झालेला शब्द. पुढच्या बैठकीत मी हे सांगितलं तेव्हा एक ताई म्हणाली, “म्हणजे बँकवाले आमच्याकडे श्रद्धेनं येतात म्हणा की!” सगळ्या हसल्या. पण ती काही फार चुकीचं बोलली नव्हती.

आता मावशींच्या प्रश्नाकडे येऊ. विश्वास हा एकटा नसतो. कुणीतरी ठेवणारी असते आणि ज्याच्यावर ठेवला तो असतो. म्हणून क्रेडिट शब्द दिसला की एकच विचारायचं: इथे कुणी कुणावर विश्वास ठेवला?

किराणा दुकान घ्या. तुम्ही साखर, तेल, चहापत्ती घेतली आणि म्हणालात, “वहीत मांडून ठेवा, शनिवारी देते.” दुकानदाराने तुमच्यावर विश्वास ठेवला. इंग्रजीत म्हणायचं तर त्याने तुम्हाला क्रेडिट दिलं. इथे क्रेडिट म्हणजे उधारी. त्याच्या वहीत तुमच्या नावाचं पान असतं, तिथे तो २५० रुपये ‘नावे’ लिहितो. शनिवारी तुम्ही पैसे दिले की त्याच पानावर ‘जमा’ लिहितो.

आता उलट बाजू. तुम्ही बँकेत २००० रुपये भरले. कुणी कुणावर विश्वास ठेवला? तुम्ही बँकेवर. पैसे तुमचे, पण ठेवले बँकेकडे. मागाल तेव्हा तिने परत द्यायचे आहेत. या व्यवहारात देणेकरी बँक आहे आणि धनको तुम्ही. म्हणून बँक तिच्या वहीत तुमच्या पानावर ते पैसे ‘क्रेडिट’ बाजूला लिहिते. मावशींच्या मेसेजमध्ये क्रेडिट आलं ते असं.

आणि सीसी? तिथे बँकेने गटावर विश्वास ठेवला. एवढ्या मर्यादेपर्यंत लागतील तेव्हा उचला, आले की भरा, जेवढे उचलाल तेवढ्यावरच व्याज. तिथे बँक धनको आणि आपण देणेकरी. शब्द तोच, विश्वासाची दिशा फिरली. म्हणून एक जमा झाली आणि एक कर्ज झालं.

हे कळायला मला पंचवीस वर्षं लागली. मावशींना एक मिनिट लागलं. त्या म्हणाल्या, “मग आधीच सांगायचं ना, कुणाची वही ते.”

खरंच, कुणाची वही हाच मुद्दा आहे. आपल्या हातात जे पासबुक असतं ते आपलं वाटतं, कारण त्यावर आपलं नाव आणि फोटो असतो. पण त्यात छापलेलं असतं ते बँकेच्या वहीतलं आपलं पान. बँकेच्या बाजूने लिहिलेलं. आपली गटाची रोकड वही मात्र आपल्या बाजूने लिहिलेली असते. म्हणून सचिव ताई बँकेत २००० भरून आली की आपल्या रोकड वहीत ते नावे बाजूला जातात, कारण रोख आपल्या हातून गेली. बँकेच्या पासबुकात मात्र तेच २००० जमा दिसतात. नव्या सचिवांचा इथे हमखास गोंधळ होतो आणि त्यांना वाटतं आपलंच चुकलं. चुकलेलं काही नसतं. एकच व्यवहार दोन घरांतून दिसतोय.

अशी दोन बाजूंची वही लिहायची पद्धत इटलीतल्या व्यापाऱ्यांनी रूढ केली. लुका पाचोली नावाचे एक ख्रिस्ती साधू गणित शिकवायचे. त्यांनी १४९४ साली व्हेनिस शहरात एक मोठं गणिताचं पुस्तक छापलं, त्यात ही पद्धत नीट समजावून सांगितली. शोध त्यांचा नाही, व्यापारी आधीपासून तसं लिहीतच होते. पण छापलेल्या पुस्तकामुळे ती सगळीकडे पोचली. आज आपल्या गटाची पुस्तकं लिहिताना आपण जे करतो त्याचं मूळ तिथपर्यंत जातं.

क्रेडिटची जोडीदारीण ‘डेबिट’. तीही लॅटिनच. ‘देबेरे’ म्हणजे देणं लागणे. त्यातूनच ‘डेट’ म्हणजे कर्ज हा इंग्रजी शब्द आला. त्याच्या स्पेलिंगमध्ये एक ‘बी’ असतो पण उच्चारात नसतो. आधी तो बी नव्हताच, लॅटिनची आठवण म्हणून विद्वानांनी मागून घातला आणि शाळेतल्या पोरांना कायमचा त्रास करून ठेवला. हप्त्याच्या कागदावरची ‘ड्यू डेट’ असते ना, त्यातला ‘ड्यू’ही याच घरचा. आणि ‘ड्यूटी’सुद्धा. देणं लागतं ते ड्यू, करणं लागतं ती ड्यूटी.

पासबुकात किंवा स्टेटमेंटमध्ये आकड्याच्या पुढे दोन अक्षरं असतात, ‘सीआर’ किंवा ‘डीआर’. सीआर म्हणजे क्रेडिट, डीआर म्हणजे डेबिट. बचत खात्यात शिलकेपुढे सीआर असतं, म्हणजे तेवढे पैसे आपले बँकेकडे आहेत. सीसी खात्यात पैसे उचललेले असतील तर शिलकेपुढे डीआर असतं, म्हणजे तेवढे आपण बँकेला देणं लागतो. हे मी मुद्दाम सांगतेय. एका गटाने सीसी खात्याच्या स्टेटमेंटवर ८५,००० चा आकडा पाहिला आणि बैठकीत सांगून टाकलं की खात्यात पंच्याऐंशी हजार शिल्लक आहेत. त्यावर कुणाला किती द्यायचे याची चर्चाही सुरू झाली. पुढची दोन अक्षरं कुणी वाचलीच नव्हती. आकडा वाचल्यावर बोट तिथेच थांबवू नका, पुढे सरकवा.

आता याच शब्दाची एक बाजू, जी आपल्या गटांशी थेट जोडलेली आहे.

पूर्वी बाईला बँकेचं कर्ज मिळणं अवघड होतं. जमीन नावावर नाही, घर नावावर नाही, मग तारण काय ठेवणार? सावकाराकडे डोरलं, पाटल्या, भांडी ठेवून पैसे मिळायचे. म्हणजे सावकाराचा विश्वास बाईवर नसायचा, डोरल्यावर असायचा. १९९२ साली नाबार्डने देशात ५०० गटांपासून प्रयोग सुरू केला. गट नियमित बसतो का, बचत करतो का, आपसात कर्ज देऊन ते परत घेतो का, वह्या लिहितो का, एवढं पाहून बँकेने गटाला कर्ज द्यायचं. तारण नाही. आज रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बचत गटाला १० लाख रुपयांपर्यंतच्या कर्जासाठी बँकेने तारण मागायचं नसतं. कुणी मागितलं तर नम्रपणे पण ठामपणे हा नियम सांगा.

म्हणजे पंचसूत्री पाळा, पंचसूत्री पाळा, असं आम्ही जे सारखं टुमणं लावतो, ते यासाठी. हजेरीचं रजिस्टर, बचतीचा रकाना, परतफेडीची तारीख, हेच आपलं डोरलं. क्रेडिटचा जो अगदी जुना अर्थ, नुसत्या भरवशावर सोपवणे, तो मला सगळ्यात जवळून दिसला तो बँकेत नाही, आपल्या गटांत. आपल्याकडे ‘क्रेडिट सोसायटी’ला ‘पतसंस्था’ म्हणतात. पत म्हणजे जमा नाही आणि कर्जही नाही. पत म्हणजे लोक आपल्यावर किती विश्वास टाकतात ते. ज्याने कुणी हे नाव दिलं, त्याला शब्द बरोबर कळला होता असं मला वाटतं.

पण पत मोजायचं एक यंत्रही आता आहे. त्याचं नाव क्रेडिट स्कोअर. बोलताना सगळे ‘सिबिल’ म्हणतात. सिबिल हे खरं तर एका कंपनीचं नाव. अशा चार कंपन्या आहेत: सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि क्रिफ हाय मार्क. तुम्ही कुठून कर्ज घेतलं, हप्ते वेळेवर भरले का, किती थकले, याची नोंद बँका आणि फायनान्स कंपन्या यांच्याकडे पाठवतात. त्यावरून ३०० ते ९०० च्या मध्ये एक आकडा निघतो. जास्त तितका चांगला.

इथे मला एका ताईची गोष्ट सांगायची आहे. तिची परवानगी घेतली आहे, नाव देत नाही.

तिच्या शेजारणीला पैशाची नड होती. एका फायनान्स कंपनीत शेजारणीला आणखी कर्ज मिळत नव्हतं. ती म्हणाली, “तुझ्या नावावर काढ, हप्ता मी भरते.” ताईने ३०,००० काढून दिले. स्वतः एक रुपया वापरला नाही. काही महिने हप्ते आले. मग शेजारीण कुटुंबासह ऊसतोडीला गेली आणि हप्ते थांबले. कंपनीची माणसं ताईच्या दारात. वर्षभराने ताईला शिलाई मशीन आणि कापडासाठी स्वतःचं कर्ज हवं होतं. बँकेने स्कोअर पाहिला आणि नाही म्हटलं.

ताई मला म्हणाली, “मॅडम, पैसे मी वापरलेच नाहीत. चांगुलपणा केला त्याची ही शिक्षा का?”

या प्रश्नाने माझी झोप गेली होती. मी तिला तोच प्रश्न विचारला: कंपनीने कुणावर विश्वास ठेवला? तिच्यावर. शेजारणीवर कंपनीचा विश्वास नव्हताच, म्हणून तर तिला कर्ज दिलं नाही. शेजारणीवर विश्वास ठेवला तो ताईने. दोन वेगळे विश्वास, पण कागद एकाचाच. कागदावर जिची सही, पत तिची पणाला. जामीनदार म्हणून सही केली तरी हेच. कर्जदाराने थकवलं तर ते जामीनदाराच्या नावावरही येतं.

मी तिला चांगुलपणा सोडायला सांगितलं नाही, तसं सांगणारी मी कोण? शेजारणीला द्यायचेच असतील तर गटातून अंतर्गत कर्ज तिच्याच नावावर, ठराव करून देता आलं असतं. ती आपल्या गटात नव्हती, पण तिला गटात घेता आलं असतं. हे आज बोलायला सोपं आहे. तेव्हा तिच्या दारात रडणारी शेजारीण उभी होती.

आता ताई उरलेले हप्ते थोडे थोडे भरतेय. कंपनीच्या माणसाने तिला सांगितलं होतं, “एकरकमी थोडे कमी भरा, सेटल करून टाकू.” इथेही एक शब्द कामाला आला. रिपोर्टमध्ये ‘क्लोज्ड’ लिहिलेलं असलं तर कर्ज पूर्ण फिटलं. ‘सेटल्ड’ लिहिलेलं असलं तर ठरल्यापेक्षा कमी पैशांत मिटवलं, आणि पुढची बँक त्याकडे डाग म्हणूनच पाहते. ऐकायला सेटल हा किती छान शब्द वाटतो, मुलगा सेटल झाला म्हणतो आपण! ज्यांना खरोखर पूर्ण भरणं शक्यच नाही, त्यांनी सेटल करणं हा मार्ग आहेच, पण त्याचा अर्थ माहीत असून करावा. पूर्ण फिटलं की ‘नो ड्यूज’ दाखला लेखी घ्यायचा. (ड्यू शब्द आठवला ना?)

स्वतःचा रिपोर्ट प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो, रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. स्वतःचा रिपोर्ट पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही. त्यात न घेतलेलं कर्ज दिसलं किंवा फिटलेलं कर्ज थकीत दिसलं तर तक्रार करायची. ३० दिवसांत ती मिटली नाही तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायचा नियम आहे. मोबाइलवर जमत नसेल तर मी भेटीला येईन तेव्हा आधार आणि पॅन कार्ड घेऊन बसा, आपण मिळून काढू. मात्र पैसे घेऊन “सिबिल वाढवून देतो” म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

विश्वासाचा आणखी एक धंदा चालतो, त्याबद्दल थोडक्यात. मोबाइलवर मेसेज येतो, ‘आपल्या खात्यात ५००० क्रेडिट झाले’. लगेच फोन येतो, “ताई, चुकून तुमच्या खात्यात पडले, लेकरू दवाखान्यात आहे, परत पाठवा.” मेसेज खोटा असतो, पैसे आलेलेच नसतात. दहा आकडी मोबाइल नंबरवरून आलेला मेसेज बँकेचा समजू नका. मेसेजमध्ये क्रेडिट लिहिलंय म्हणून पैसे आले असं नाही. खात्याची शिलक तपासायची, मग बोलायचं. खरंच कुणाचे चुकून आले असतील तर ते बँकेमार्फत परत जातात, घाई कशाची? आणि पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन लावा, जितका लवकर तितकं बरं. इंग्रजीत कुणावरही चटकन विश्वास टाकणाऱ्याला ‘क्रेड्युलस’ म्हणतात. तोही त्याच क्रेदेरेचा नातू.

बाकीचे अर्थ पटकन सांगते. कॉलेजात जाणारी मुलगी म्हणाली, “आई, या विषयाला चार क्रेडिट आहेत,” तर घाबरू नका, ते कर्ज नाही. एवढा अभ्यास हिने केला हे कॉलेजने मान्य केलं, त्याची ती नोंद. सिनेमा संपल्यावर नावांची पाटी वर सरकते तीही क्रेडिट, म्हणजे कुणी काय काम केलं त्याची कबुली. आणि “क्रेडिट घेणे” म्हणजे श्रेय घेणे. प्रदर्शनात पापड लाटले कुणी आणि बातमीतल्या फोटोत पुढे कोण, हा अनुभव सगळ्यांनाच आहे, त्यावर जास्त बोलत नाही. ‘किसान क्रेडिट कार्ड’ मात्र लक्षात ठेवा. १९९८ पासून आहे, आणि ते खरंच कर्ज आहे, कार्ड दिसलं म्हणून फुकटचे पैसे नव्हेत. घरात ते कुणाच्या नावावर आहे आणि त्यावर किती उचललंय, हे आपल्याला माहीत आहे का? एकदा विचारून बघा. माझ्या घरी मी विचारलं तेव्हा जेवणं होईपर्यंत कुणी उत्तर दिलं नाही.

मराठीत पाहिलं तर जमा, उधारी, पत, श्रेय, असे वेगवेगळे शब्द आपल्याकडे आहेत. इंग्रजी एकाच पिशवीत सगळं भरते. तेव्हा गोंधळ होतो तो आपल्याला कमी कळतं म्हणून नाही.

पुढच्या बैठकीत हे करून पाहा. प्रत्येकीने मोबाइलमधला बँकेचा एक मेसेज काढायचा. आकडे कुणाला दाखवायचे नसतील तर दाखवू नका, फक्त शब्द वाचा. क्रेडिट की डेबिट? कुणी कुणावर विश्वास ठेवला? वही कुणाची? मग गटाचं पासबुक आणि रोकड वही शेजारी शेजारी ठेवून मागच्या महिन्याची एक नोंद दोन्हीकडे शोधा. सचिव ताईंनी एकटीने करायचं नाही, ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही सोबत घ्या. आमच्या मावशींनाही वाचता येत नाही. पण ‘सीआर’ आणि ‘डीआर’ची अक्षरं त्यांनी आता चित्रासारखी लक्षात ठेवली आहेत. आणि परवा बैठकीत त्यांनीच शेजारच्या ताईचं पासबुक हातात घेऊन सांगितलं, “थांब, पुढचं अक्षर बघू दे.”

निघताना मला म्हणाल्या, “आता ते ‘इंटरेस्ट’ काय असतं ते शोधून आण. माझा नातू म्हणतो त्याला शाळेत इंटरेस्ट नाही, आणि बँक म्हणते इंटरेस्ट भरा.”

शोधतेय, मावशी.